आपल्या पाटीवरचा 'द्ध'

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवेल तसा लिहून काढला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "काका, दहा मिनिटं बोला, पण मेंटेनन्सवर बोलू नका." म्हणून मी व्याकरणावर बोलणार आहे. घाबरू नका, खुर्च्या सरकवू नका. विषय आपल्या गेटवरच्या पाटीचा आहे.

आपल्या सोसायटीच्या नावात सिद्धगड आहे. मुरबाडहून नारिवलीच्या बाजूला गेलं की जो आभाळात डोकं घालून उभा दिसतो तो. पंचवीस वर्षं आपण त्या नावाखालून ये-जा करतो आहोत. आता घरी जाताना पाटी एकदा नीट वाचा. तिथे 'सिध्दगड' असे लिहिले आहे. म्हणजे अर्धा ध आणि पूर्ण द. हवा आहे अर्धा द आणि पूर्ण ध. अक्षरं तीच, फक्त जागा बदलल्या आहेत. ए विंगचा माणूस बी विंगमध्ये राहायला गेलाय म्हणा ना.

कुणी म्हणेल, काय फरक पडतो? जरा एक प्रयोग करू. तोंडासमोर तळहात धरा. म्हणा 'द'. आता म्हणा 'ध'. ध म्हणताना हाताला वारा लागला की नाही? म्हणून ध ला महाप्राण म्हणतात आणि द ला अल्पप्राण. आता 'सिद्ध' म्हणा. वारा शेवटी लागतो. 'सिध्द' लिहिलंय तसंच म्हणून बघा. जीभ अडखळते. आपण सगळे बोलतो बरोबर आणि लिहितो मात्र चूक.

हे असं का, याचं कारण मोठं गमतीचं आहे. तुम्ही 'झपाटलेला' पाहिलाय ना? महेश कोठारे यांचा १९९३ चा सिनेमा, लक्ष्मीकांत बेर्डे, आणि रामदास पाध्ये यांनी केलेला तो तात्या विंचूचा बाहुला. माझ्या नातवाने तो सिनेमा इतक्या वेळा लावला आहे की बाहुल्याला आता मीच झोपेत दिसत असेन. तर 'झपाट' हा धातू, त्याला 'लेला' लागला की 'झपाटलेला', म्हणजे ज्याच्यावर ती क्रिया होऊन गेली आहे असा. संस्कृतात हेच काम 'त' करतो. गम् चा गत, कृ चा कृत. तसा सिध् या धातूला त लागला. सिध् अधिक त. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने 'सिद्ध' आणि 'झपाटलेला' हे एकाच मजल्यावरचे भाडेकरू आहेत.

पण सिध् च्या ध शेजारी त राहायला आला की दोन गोष्टी घडतात. शेजाऱ्याची संगत लागून त चा ध होतो. मग दोन महाप्राण शेजारी शेजारी आले, दोघेही मोठ्याने श्वास सोडणारे! असं चालत नाही. मग पहिला ध आपला जोर सोडतो आणि द होतो. झाला 'सिद्ध'. पाणिनीने हे सूत्रांत बांधून ठेवलं आहे. बुध् चा बुद्ध, शुध् चा शुद्ध, युध् चा युद्ध, सगळे याच वाटेने आले. शेजाऱ्यासाठी आपला आवाज थोडा कमी करणे, हा नियम आपल्या उपविधींतही घालायला हरकत नाही. (इथे बी विंगमधून टाळ्या आल्या, त्या कुणाला उद्देशून होत्या ते मी लिहीत नाही.)

तालमीच्या वेळी आपल्या एका नववीतल्या मुलीने मला अडवलं. म्हणाली, "आजोबा, मग लठ्ठ आणि चिठ्ठी कसे चालतात? तिथे तर दोन ठ आहेत." शाबास! मराठीच्या स्वतःच्या शब्दांत आपण तसं लिहितो खरं. पण तिथे दोन्ही ठ आहेत. 'लठ्ट' असं कुणी लिहीत नाही. जोर आधी आणि साधं अक्षर नंतर, असा उलटा संसार तिथेही नाही.

मग ही चूक इतकी पसरली कशी? मला वाटतं, दोष आपल्या डोळ्यांचा आहे. ध ला काना आहे, तो काढला की अर्धा ध तयार. द ला काना नाही, त्यामुळे त्याचं अर्धं रूप सहज होत नाही. जुन्या वळणात द च्या पोटाखाली छोटा ध लटकवतात आणि बघणाऱ्याला कळत नाही, वरचा आधी की खालचा आधी. मधल्या काळात शाळेच्या पुस्तकांत द चा पाय मोडून 'शुद्‌ध' असं छापू लागले. आम्हा म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पण त्यात कोण आधी हे मुलांना स्पष्ट दिसतं, हेही मान्य केलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त बँकवाल्याला वेळ आहे, चालू द्या. पण याच एका अक्षराने आपल्याला घाम फोडला होता. जमिनीच्या अभिहस्तांतरणाची फाइल मी बघत होतो. कॉम्प्युटरवर 'सिद्धगड' टाकलं तर आपलेच निम्मे कागद सापडेनात. डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण यंत्राला द, हलन्त, ध आणि ध, हलन्त, द ही दोन वेगळी नावं आहेत. तिथवर ठीक होतं. पुढे फाइल एका कार्यालयात गेली आणि परत आली. काही कागदांवर एक नाव, काहींवर दुसरं. मी खिडकीशी वाकून म्हणालो, "अहो, सोसायटी तर एकच आहे ना?" आतला तरुण मुलगा सभ्यपणे म्हणाला, "काका, नाव जुळत नाही."

आणि मला तिथे उभ्या उभ्या घाम आला. कारण ते वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं.

नोकरीत असताना माझ्या टेबलासमोर गडाच्या पायथ्याकडच्या एका गावातली बाई आली होती. नवरा वारलेला. खात्यात थोडी रक्कम होती. पासबुकात नवऱ्याच्या नावातला शेवटचा उकार दीर्घ, मृत्यूच्या दाखल्यावर ऱ्हस्व. मराठीचा नियम दीर्घाचा आहे, आणि मला तो पाठ होता. मी म्हणालो, "बाई, नाव जुळत नाही. प्रतिज्ञापत्र आणा." ती म्हणाली, "सायेब, मानूस तं येकच व्हता ना?" मी नियमाकडे बोट दाखवलं. तिला तीन खेपा पडल्या. एस.टी.चं भाडं, स्टॅम्पपेपर, तीन दिवसांची मजुरी बुडाली. गावातल्या दोघांना बोलावून ओळख पटवून घेता आली असती. ती वाट मला ठाऊक होती. मी घेतली नाही. शेवटी पैसे दिले, पण तिने जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

तिने तो उकार लिहिला नव्हता. तिला लिहिताच येत नव्हतं. पासबुक आमच्या माणसाने लिहिलं होतं, दाखला दुसऱ्या कुणी. चूक लेखणीवाल्यांची आणि खेपा मात्र तिच्या.

म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे. शुद्धलेखनाची जबाबदारी ज्याच्या हातात लेखणी आहे त्याची. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियम केले, ते तुम्हाआम्हाला लिहिताना उपयोगी पडावेत म्हणून. खिडकीबाहेरच्या माणसाला परत पाठवायला नव्हेत.

आणि पाटीचं? पेंटरला दोष देऊ नका. त्याने कागदावर दिलं ते हुबेहूब उतरवलं. तो कागद पंचवीस वर्षांपूर्वी लिहून दिला होता मी. बी.कॉम. झालेल्या, बँकेत अधिकारी असलेल्या माणसाने. दुसऱ्याच्या उकारावर बोट ठेवताना माझा स्वतःचा ध चुकलेला होता.

२ जानेवारी १९४३ ला याच सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेला, शिकून वकील झालेला हा माणूस. गरिबांच्या बाजूने उभा राहिला आणि शेवटी आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडायला निघाला. २०२० साली त्यांच्यावर 'शहीद भाई कोतवाल' हा सिनेमा आला, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण मिळून पाहायला गेलो होतो. ज्या गडाने हे पाहिलं, त्याचं नाव आपल्या दारावर बरोबर असावं, एवढी तरी आपली ऐपत आहे.

तेव्हा रौप्यमहोत्सवानिमित्त पाटी नवी रंगवणार आहोत, तिचा खर्च माझ्याकडून. फक्त पेंटरला द्यायचा कागद या वेळी त्या नववीतल्या मुलीने लिहावा, आणि मी तो तपासावा. किंवा नकोच, मी लिहितो आणि तिने तपासावा. ते जास्त बरोबर होईल.

आणि सोसायटीच्या ऑफिसात कुणी वॉचमन, कुणी कामवाली ताई नाव चुकलेला कागद घेऊन आली, तर आधी तिला खुर्ची द्या, मग चष्मा लावा.

मेंटेनन्सवर मी बोललो नाही, याची नोंद घ्यावी.