फळ्यावरचा एक प्रश्न



आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर एक जुना फळा आहे. सकाळच्या एस.टी.ने कॉलेजला जाण्याआधी मी त्यावर रोज इतिहासाचा एक प्रश्न लिहितो. वरच्या कोपऱ्यात कालचे उत्तर, मध्ये आजचा प्रश्न, एवढाच हा उद्योग. डेअरीला दूध घालून परतणारी माणसे हातात किटली धरूनच फळा वाचतात. भरतीसाठी पहाटे पळायला जाणारी मुले घाम पुसत थांबतात. मुंबई-ठाणे आगगाडी कधी धावली? 16 एप्रिल 1853. रयत शिक्षण संस्था कोणत्या साली निघाली? 1919. उत्तर बरोबर आले की चेहरा खुलतो, चुकले की शेजारचा हसतो, आणि जो तो आपल्या कामाला लागतो.

या मुलांत एक पदवीधर आहे. तलाठ्याची परीक्षा देऊन झाली, पोलीस भरती झाली, लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा दोनदा झाली. घरी दोन एकर कोरडवाहू रान, वडिलांचे गुडघे धरलेले, आणि वयोमर्यादा दर वर्षी जवळ येणारी. एके दिवशी तो मला म्हणाला, "सर, सनावळ्या पाठ करून डोकं फुटायची वेळ आली. परीक्षा संपली की विसरायच्याच ना? मग याचा मला उपयोग काय?"

प्रश्न खरा होता. "अरे, अभ्यास कर, यश येईल," असे काहीतरी बोलून मी तेवढ्यापुरता सुटलो, हे कबूल केले पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर मुद्दाम लिहिले : 'महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा कोणत्या सालचा?'

त्याला उत्तर ठाऊक होते : 1977. संध्याकाळी मात्र तो माझ्या घरी आला तो निराळेच काही सांगत. चहा पिता पिता त्याने प्रश्न घरात मोठ्याने म्हटला, तशी चुलीपाशी बसलेली आजी बोलली, "साल मला न्हाई ठावं, बाबा. पर बहात्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडली. तुझा बा पाठीला बांधलेला. सुकडी मिळायची, ती पदरात घेऊन यायची. लाल मिलोची भाकरी खाल्ली. तू रोज पळतोस त्यो रस्ता आमच्याच हातचा हाय न्हवं!"

तीन वर्षे तो त्या रस्त्यावर पळत होता!

मग मी त्याला उरलेली हकीकत सांगितली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 पासून ही कल्पना धरून ठेवली होती : गावात जो काम मागेल, त्याला सरकारने काम द्यावे. 1972 च्या दुष्काळात तिला जोर आला. ठिकठिकाणी रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्तीची कामे निघाली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पुढे 2005 साली संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव गाठीशी होता.

आणि पैसा कोठून आला? मी कपाटातून माझ्या पगाराचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यात एक ओळ आहे : व्यवसाय कर, 200 रुपये. हा कर 1975 साली बसला, तो मुळी रोजगार हमीच्या खर्चासाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला हात लावायचा, असा तो हिशेब होता. पोरगा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला.

हा कायदा अंगमेहनतीच्या कामाचा. पदवीधराला तो खुर्ची देत नाही, हे मी त्याच्यापासून लपवले नाही. परंतु हाताला काम नसणे म्हणजे त्या माणसाचाच काही दोष, असे समजण्याचे कारण नाही. काम मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे, ही गोष्ट या राज्याने एकदा कायद्यात लिहून ठेवली. निकालाच्या यादीत नाव नसल्यामुळे घरात मान खाली घालून जेवणाऱ्या मुलाला हे ठाऊक असावे, असे मला वाटते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आजकाल मोबाइलवर रोज पन्नास प्रश्न येऊन पडतात. तुम्ही फळ्यावर एकच लिहा. उत्तराच्या सनाखाली 'हे का घडले' याची एक ओळ लिहा. आणि आठवड्यातून एक प्रश्न असा द्या की तो मुलांना घरी नेऊन आजी-आजोबांना विचारावा लागेल. वर्गात मागे बसणारा मुलगाही त्या दिवशी काहीतरी घेऊन येतो.

त्या मुलाला अजून नोकरी लागलेली नाही. दुपारी तो बी-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहितो, रात्री अभ्यास करतो. मी परगावी असलो की फळ्यावरचा प्रश्न तोच लिहितो. परवा परत आलो तर फळ्यावर त्याच्या अक्षरात प्रश्न होता, तो तुम्हांलाही देतो : 'आपल्या गावचा रस्ता कोणत्या साली झाला, आणि त्याची खडी कोणी फोडली?'

उत्तर पुस्तकात शोधू नका. आज रात्री जेवताना घरात विचारा.