कमोडची बैठक

दिवाणखान्याची फरशी किंचित् उंचसखल असली तर ती पाहुण्यांच्या नजरेस खुपते, एवढेंच. परंतु न्हाणीघरांतील फरशीचा तोच दोष सबंध इमारतीस भोंवतो. कमोडखालची जागा २-३ मिलिमीटर जरी चुकली, तरी बसण्या-उठण्याबरोबर भांडें डुलूं लागतें. त्यामुळें भांडें व मैलानळ यांमधला सांधा सैल होतो, पाणी फरशीखालीं मुरतें, आणि दोष प्रथम उघडकीस येतो तो खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर! शेजारधर्मास तडा जाण्यास एवढें कारण पुरेसें होतें.

या भांड्याचें मर्म त्याच्या वळणदार नळींत आहे. १७७५ सालीं लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें जें पेटंट घेतलें, त्यांत भांड्याखालीं अशी नळी होती. तिच्या वळणांत पाणी साचून राहतें व गटारांतील दुर्गंधीची वाट अडवितें. हल्लींच्या भांड्यांत या पाण्याचा अडसर साधारणपणें ५० मिलिमीटरांचा असतो. भांडें फार कललें, तर हा अडसरच कमी होतो.

येथें एक पेंच आहे. न्हाणीघराची जमीन मुळांत समतल नसावीच. मोरीकडे तिला ढाळ हवा. भांड्याची बैठक मात्र पाणसळींत हवी. म्हणून भांड्याच्या तळाएवढीच जागा समपातळींत आणावी व भोंवतालचा ढाळ राखावा. आपोआप समतल होणारें सिमेंटचें तयार मिश्रण सबंध न्हाणीघरांत ओतल्यास ढाळच नाहींसा होतो.

काम सुरू करण्यापूर्वीं मैलानळाच्या तोंडांत फडक्याचा बोळा बसवावा. मग भांडें नुसतेंच जागेवर ठेवून पाणसळ एकदां आडवी व एकदां उभी लावून पाहावी. फट दोन-तीन मिलिमीटरांचीच असेल, तर प्लास्टिकच्या पाचरी पुरतात; लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या पाचरी ओलीनें कुजतात. फट याहून मोठी असल्यास उंचवटे छिन्नीनें काढावे, खोलगट भाग खरबरीत करून धुवावा, त्यावर सिमेंटची खीर फांसावी व एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू यांचा माल भरावा. तो निदान सात दिवस ओला ठेवावा. या कामांत खालचा पाणीरोधक थर दुखावला असल्यास तो आधीं दुरुस्त करावा. भांडें बसवितांना, बोळा काढून घेतल्यावर, दोन्हीकडील बोल्ट आळीपाळीनें व बेतानेंच आवळावे. अति जोर केल्यास चिनी माती तडकते. तळाच्या कडेनें मसाला भरतांना मागील बाजूस थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढेंमागें गळती झालीच तर ती लपून राहणार नाहीं.

फरशी ठोकली असतां पोकळ वाजत असेल, किंवा खालच्या स्लॅबला ओल व भेगा असतील, तर दोष उंचसखलपणाचा नसून खोलवरचा आहे. अशा वेळीं वरून लावलेला माल दोष झांकतो, दूर करीत नाहीं. आठवडाभराची गैरसोय सोसून मूळ दुरुस्ती करून घेणें, हेंच गृहस्थाच्या व त्याच्या खालच्या शेजाऱ्याच्या हिताचें होय.