गवत राखा, पीक राखलं जाईल

आज बोलू या आपल्या ई-क्लासबद्दल, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनीबद्दल.

आपल्या कारंजा तालुक्यातच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. काळविटांसाठी ते २००० साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम अठरा चौरस किलोमीटर. पण हरणाला हद्द कुठे कळते? माळावर गवत नसलं की ते आपल्या तुरीत, हरभऱ्यात शिरतं. रोहीही तसेच. मग रात्रीची जागल आली, आणि कुठे कुठे कुंपणात करंट सोडणंही आलं. त्या तारेला हरीण मरतं, तसंच पहाटे शेतात गेलेलं घरचं माणूसही मरतं.

माळावरचं गवत गेलं कुठे? काही जमीन अतिक्रमणात गेली. उरलेल्या माळावर पहिल्या पावसापासूनच ढोरं सुटतात. मारवेल, पवन्या ही चांगली गवतं बी धरण्याआधीच खाल्ली जातात. मागे उरते कुसळी आणि तरोटा. तरोट्याला ढोर तोंड लावत नाही. उन्हाळ्यात माळ पेटवला की टिटवीची, तित्तराची अंडीही जळतात.

हे बदलता येतं. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यातल्या वडाळ्याच्या फासेपारधी समाजानं 'संवेदना' संस्थेच्या साथीनं माळाचं गवत राखायला घेतलं. पावसाळ्यात उंच गवतात अंडी घालणारा दुर्मीळ तणमोर अशाच माळावर टिकतो. आणि गवत वाढलं की गावच्या ढोरांनाही चारा होतो.

आपण काय करू शकतो? माळाचे दोन भाग करा. एक भाग पावसाळाभर बंद ठेवा. बी झडल्यावर विळ्यानं गवत कापा आणि घरटी वाटून घ्या. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. ज्यांच्याकडे फक्त शेळ्या आहेत, ज्यांना स्वतःचा धुराही नाही, त्या बायांना आधी विचारा. त्यांची सोय झाली नाही, तर बंदी टिकणार नाही.

दर ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. तिथे हा ठराव मांडा. अतिक्रमणाचा विषयही तिथेच काढा. गायरानं मोकळी करावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलं आहे. आणि पीक खाल्लं गेलं तर करंट लावू नका. लगेच वनविभागाकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच विचारा : आपल्या गावची ई-क्लास किती होती, आणि आज किती उरली?