काचेची बाहेरची बाजू

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणींवर चार शब्द बोला." पण माझ्याआधीच्या वक्त्यांनी सगळ्या आठवणी उचलल्या. टँकर झाला, लिफ्ट बंद पडली ती रात्र झाली, पहिला गणपती झाला. माझ्या वाट्याला खिडकी उरली. तेव्हा मी खिडकीच्या काचा पुसण्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. बटाटेवडे यायला अजून वीस मिनिटं आहेत असं मला स्वयंपाकाच्या बाजूने कळलेलं आहे, आणि या विषयात माझा थोडा अधिकारही आहे.

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात, आमच्या बँकेच्या प्रिमायसेस विभागात होतो. बँकेचा अधिकारी म्हटला की लोकांना कर्ज आणि ठेवी आठवतात. माझ्याकडे होती गळकी छतं, जनरेटरचं डिझेल, लिफ्टचे करार आणि काचा. नऊ मजली इमारत, दर्शनी बाजू पूर्ण काचेची. जवळच मिठी नदी आणि खाडी, हवा दमट आणि खारट, आजूबाजूला कायम बांधकामं चाललेली. काच पुसून पंधरा दिवस झाले की पुन्हा धुरकट दिसायची.

अशा इमारतीत आणि आपल्या घरात पहिला फरक हा, की तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. काच ॲल्युमिनियमच्या चौकटीला सिलिकॉनने चिकटवलेली असते. आतला माणूस फक्त आतूनच पुसू शकतो. बाहेरच्या बाजूला पोचायचं तर गच्चीवरून दोरीने नाही तर पाळण्यातून उतरायला हवं. म्हणजे ते काम आपोआपच शिकलेल्या माणसाचं होतं. शिपायाला कोणी म्हणू शकत नाही की जरा बाहेरून पण फडकं मार. मग तीन कोटेशनं मागवा, मंजुरी घ्या, करार करा.

तो करार मला अजून तोंडपाठ आहे. प्रत्येक माणसाला दोन दोऱ्या. एकीवर तो उतरणार आणि दुसरी राखीव, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या. कमरेचा नुसता पट्टा चालणार नाही, अंगभर हार्नेस हवा. डोक्याला हेल्मेट. बादली, वायपर, जे काही हातात असेल ते दोरीने अडकवलेलं. खाली फूटपाथ फीत लावून बंद केलेला आणि तिथे एक माणूस उभा. वारा सुटला की काम बंद, पाऊस आला की काम बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामगार नुकसानभरपाईच्या विम्याची प्रत आधी माझ्या टेबलावर. तो कायदा १९२३ सालचा, आणि त्यातली आम्हाला लागणारी कलमं मी वहीत उतरवून ठेवली होती.

एका रविवारी सकाळी सात वाजता सहा पोरं दोऱ्या घेऊन हजर झाली. मी कागद बघितले तर पॉलिसी चार दिवसांपूर्वी संपलेली. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, पोरं सवयीची आहेत, दोन तासांत उरकतो." मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते, तरी नाही. पोरं परत गेली आणि पुढच्या रविवारी नवीन पॉलिसी घेऊन आली. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. माझ्या निरोप समारंभातसुद्धा मी ती सांगितली होती.

त्या पोरांचं काम मात्र बघण्यासारखं असायचं. सकाळी ते पश्चिमेची बाजू घ्यायचे आणि दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे कायम सावलीत. उन्हात काच तापलेली असते, रबर फिरण्याआधीच साबणाचं पाणी सुकतं आणि पट्टे राहतात. आधी मऊ बोळ्याने काच भिजवायची, मग रबरी वायपर वरून खाली. प्रत्येक फटकाऱ्यानंतर रबर कोरड्या कापडाने पुसायचं. शेवटचं पाणी क्षार काढलेलं. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. थेंब सुकला की पाणी उडून जातं आणि क्षार पांढरा ठिपका होऊन तिथेच बसतो. आपल्या संडास-बाथरूमच्या खिडक्यांवर जे ठिपके दिसतात ते हेच. पुण्याचं धरणाचं पाणी बोअरच्या मानाने बरं, पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की काचेला लगेच कळतं.

आता घराकडे येतो. ऑफिसची काच नऊ मजले एकाच प्रकारे मळते. घरातली प्रत्येक खिडकी वेगळी मळते. हॉलच्या खिडकीवर रस्त्याची धूळ, स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर, गॅलरीत कबुतरं. एकाच बाटलीतला निळा फवारा सगळीकडे चालत नाही. तेलकट काचेला कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लागतो. क्षाराच्या डागाला व्हिनेगर चालतं, पण खाली संगमरवराची पट्टी असेल तर जपून, कारण व्हिनेगर संगमरवर खातं. आमच्या घरी खाल्लेला आहे, येऊन बघू शकता. धुळीच्या काचेवर थेट ओलं फडकं फिरवू नका. आधी ब्रशने झाडा, नाही तर रेतीचे कण काचेवर ओरखडे काढतात.

आणि ती सरकत्या खिडकीची खालची खाच! गेल्या पावसाळ्यात "भिंतीतून पाणी येतं" अशा तक्रारी कमिटीकडे आल्या. मी सेक्रेटरींबरोबर दोन घरी गेलो होतो. दोन्हीकडे भिंत ठणठणीत होती. खाचेत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती माती आणि कबुतरांच्या पिसांनी बुजली होती. एका जुन्या टूथब्रशने काम झालं. ऑफिसच्या कंत्राटात ही खाच नसतेच, कारण तिथे काही सरकतच नाही.

पैशाचा हिशोबही वेगळा. ऑफिसचं बिल चौरस फुटावर, वर्षाचा करार, ठरलेल्या तारखा, सुट्टीच्या दिवशी काम. घरी येणारा माणूस खिडकीमागे नाही तर फ्लॅटमागे दर सांगतो. त्याला सोफा सरकवायचा असतो, पडदे काढायचे असतात, तुळस उचलायची असते, आणि आपण त्याच्या मागे मागे फिरत असतो. परका माणूस बेडरूमपर्यंत येणार, म्हणून आपण बहुतेक जण त्याला बोलावतच नाही. ओळखीच्या हाताने काम होतं. तो हात कोणाचा, ते आता सांगतो. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही. सौ. समोर बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे.

आठ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीचा आठवडा. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी हॉलची काच आतून पुसत होत्या. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. सकाळचं ऊन काचेवर आलं आणि मला बाहेरच्या बाजूचा डाग दिसला. मी म्हणालो, "मावशी, बाहेरून पण एक हात मारा." एवढंच. त्यांनी पदर खोचला, खिडकी सरकवली आणि बाहेरच्या छज्ज्यावर उभ्या राहिल्या. चौथा मजला. छज्जा जेमतेम दीड फूट. समोरच्या बाजूला ग्रिल नाही, कारण इमारतीचा देखावा बिघडतो म्हणून समोर ग्रिल लावू नये असा ठराव आपण केला होता. त्या ठरावाचा सूचक मीच होतो.

साबणाच्या पाण्यावर त्यांचा पाय सरकला. मला फक्त बादलीचा आवाज ऐकू आला, तोही बराच उशिरा, खालून. मी धावलो तेव्हा मावशींनी एका हाताने खिडकीची चौकट आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या एसीचा ब्रॅकेट धरला होता. आम्ही दोघांनी त्यांना आत ओढलं. हाताला खरचटलं होतं, बाकी काही नाही. खाली पार्किंगमध्ये कोणी नव्हतं हेही नशीब. सौ. नी त्यांना पाणी दिलं. जरा वेळाने मावशी पहिलं वाक्य काय बोलल्या? "काका, बादली फुटली हो. पगारातून कापून घ्या."

मला काही बोलता येईना. त्या गेल्यावर सौ. म्हणाल्या, "अहो, तुमच्या बँकेत मावशींना असं चढू दिलं असतं का?"

सहा पोरांना परत पाठवणारा मीच. त्यांच्याकडे दोन दोऱ्या होत्या, हार्नेस होता, हेल्मेट होतं, फक्त एक कागद चार दिवस शिळा होता. मावशींकडे यातलं काहीच नव्हतं, आणि मी पेपरचं पान उलटत होतो. आमच्या टीव्हीला त्या वेळी विमा होता.

नंतर बराच विचार केला. बँकेत मी फार जागरूक माणूस होतो असं नाही. तिथे खिडकी उघडत नव्हती, म्हणून विचार करावाच लागला. घरातली खिडकी उघडते, म्हणून हात बाहेर जातो, मग खांदा जातो, मग पाय. उंची तीच असते. शिवाय बँकेत काही झालं असतं तर चौकशीत माझं नाव आलं असतं. घरात कोण चौकशी करणार होतं?

मंडळी, दिवाळीच्या आधी एकदा खाली उभं राहून आपल्याच इमारतीकडे वर बघा. मावशीच नव्हे, आपल्या सुनाबाळी, आणि क्षमा करा, दोन-तीन आजीसुद्धा खिडकीच्या पट्टीवर बाहेरच्या अंगाला बसलेल्या दिसतील.

म्हणून येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी सूचना दिली आहे. काचेची आतली बाजू सभासदाची, बाहेरची बाजू संस्थेची. बाहेरच्या भिंती आपण संस्थेच्या खर्चाने रंगवतोच, त्याच न्यायाने. पावसाळा संपला की दिवाळीआधी वर्षातून एकदा, दोरीवर काम करणाऱ्या शिकलेल्या माणसांकडून, विम्याची प्रत पाहून. गच्चीवर दोरी बांधायच्या जागा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायच्या. पाण्याच्या टाकीच्या पाइपला दोरी बांधलेली मी रंगकामाच्या वेळी पाहिली आहे, ते परत होता कामा नये. लिफ्टमध्ये दोन दिवस आधी नोटीस, म्हणजे पडदे ओढता येतील, वाळत घातलेले कपडे काढता येतील. कोटेशनं आली आहेत, आकडे सभेत सांगेन, आज वड्यांची चव घालवत नाही.

तळमजल्यावरच्या सभासदांनी मला आधीच विचारलंय, "काका, आम्हाला दोरीचा काय उपयोग?" रास्त प्रश्न आहे. लिफ्टच्या वेळीही हाच प्रश्न आला होता आणि तीन सभा चालला होता. एवढंच सांगतो, ती बादली तळमजल्यावर पडली होती.

सूचना मंजूर होईपर्यंत आमच्या घरापुरता नियम केला आहे. पुसणाऱ्याचे दोन्ही पाय फरशीवर. लांब दांड्याच्या वायपरने जेवढं पोचेल तेवढं पुसायचं, बाकी राहू द्यायचं. दोन्हीकडून चिकटणारा तो लोहचुंबकाचा वायपरही मी आणून बघितला. त्याने माझं बोट चिमटलं आणि बाहेरचा तुकडा दोरीला लोंबकळत राहिला. दोरी होती म्हणून बरं.

मावशी अजून आमच्याकडे येतात. नवीन बादली त्यांनीच पसंत केली. आमच्या हॉलची बाहेरची काच मात्र वरचा अर्धा भाग गेली आठ वर्षं मळकीच आहे. खालून जाताना ती दिसली तर वर येऊन सांगू नका, मला माहीत आहे.