खुराड्याचं दार

(पनवेल येथे हंगामाच्या सणाच्या उपासनेनंतर केलेलं भाषण)



आज वेदीपुढे भाताच्या लोंब्या, दुधी, नारळ आणि त्यांच्या शेजारी पाय बांधलेली एक कोंबडी तुम्ही पाहिली असेल. थोड्या वेळाने लिलावात तिच्यावर बोली लागेल. आदिवासी वाड्यांवरच्या सेवेबद्दल बोला, असा मला निरोप होता. मी कोंबडीबद्दलच बोलणार आहे, म्हणजे विषय फार सुटला असं होणार नाही.

तुम्हांपैकी पुष्कळांना माहीत आहे, लग्नानंतर चौदा वर्षांनी देवाने आमच्या पदरी लेकरू घातलं. तो आता दोन वर्षांचा आहे. आमचं घर बैठं, मागे थोडं अंगण आणि अंगणात चार गावठी कोंबड्या नि एक कोंबडा. पहाटे कोंबडा आरवला की मला पेत्राची आठवण व्हायच्या आत बाळ उठून बसतो आणि "कोको" म्हणून दाराकडे धावतो. मुठीतल्या कण्या निम्म्या कोंबड्यांना, निम्म्या स्वतःच्या तोंडात. हातातलं बिस्कीट कोंबडीने पळवलं की भोकाड पसरतो आणि दुसरं दिलं की तेही तिच्याच पुढे धरतो. एकदा त्याने अंडं चड्डीच्या खिशात ठेवलं आणि वर बसला. पुढचं सांगायला नको!

मागच्या वर्षी एक कोंबडी खुडूक बसली. एकवीस दिवस ती दाणापाण्यापुरतीच उठायची. बाळ रोज डालग्याजवळ उकिडवा बसून विचारायचा, "पिल्लू?" शेवटी आठ पिल्लं निघाली. एका दुपारी घारीची सावली अंगणावरून सरकली. कोंबडीने एक वेगळाच आवाज काढला, क्षणात आठही पिल्लं पंखांखाली गेली आणि अंगणात एकटी फुगलेली आईच दिसत होती. मत्तय 23:37 वर मी ईश्वरविज्ञानाच्या वर्गात निबंध लिहिला होता. यरुशलेमेसाठी व्याकुळ झालेल्या प्रभूने स्वतःला गरुडाची नव्हे, कोंबडीची उपमा दिली. ती का दिली, हे मला त्या दुपारी कळलं.

पण आता दुसरी बाजूही सांगते. त्याच पावसाळ्यात बाळाला जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. ती रात्र मी हन्नासारखी ओठ हलवत काढली. सकाळी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "मूल दिवसभर तोंडात काय काय घालतं?" मला आमचं अंगण आठवलं. कण्या, माती आणि त्या मातीत कोंबड्यांनी जागोजागी टाकलेली घाण. दुखणं नक्की कशाने आलं हे कोणी ठामपणे सांगितलं नाही. पण उत्तर देताना माझी मान खाली गेली.

मान खाली जाण्याचं आणखी एक कारण होतं. त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही माथेरानच्या पायथ्याच्या एका कातकरी वाडीवर प्रत्येक घरी दहा पिल्लं वाटली होती. खैराच्या झाडापासून काथ काढणारे ते कातकरी. आज तो धंदा गेला, जंगल हातचं गेलं, आणि सरकारदरबारी ही जमात अतिमागास आदिम जमातींत मोजली जाते. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, मुलांच्या पोटात ती जावीत, हा आमचा हेतू. फोटो काढले, तुम्हांला पाठवले, तुम्ही देवाचे आभार मानले. त्या कोंबड्या रात्री कुठे राहतात, हे मी विचारलंच नव्हतं.

त्या राहत होत्या घरात. मुंगूस, रानमांजर आणि चोर यांच्या भीतीने रात्री कोंबड्या झोपडीत घ्यायच्या. सकाळी त्याच जमिनीवर लेकरू रांगायचं. झिंबाब्वेच्या खेड्यांत संशोधकांनी तान्ह्या मुलांजवळ तासन्‌तास बसून ती काय तोंडात घालतात याची नोंद केली. त्यांत माती होती आणि कोंबडीची विष्ठाही होती. 2013 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी घाण वारंवार पोटात गेली की आतडी खराब होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, असं जाणकार सांगतात. म्हणजे एका हाताने अंडं द्यायचं आणि दुसऱ्या हाताने ते काढून घ्यायचं, असंच की.

बाळ बरा झाल्यावर मी वाडीवर गेले आणि कोंबड्या बाहेर ठेवा म्हणून सांगू लागले. एक कातकरी ताई लेकराला कडेवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, तुमच्या पोराला घर येगळं नि अंगण येगळं. माझ्या पोराला हेच एक घर. कोंबडी भाईर ठेवली तर मुंगूस नेतो, आत ठेवली तर तुम्ही बोलता. मंग ठेवू कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथेच बसले आणि पहिल्यांदा तिलाच विचारलं, कसं करू या?

खुराडं कसं हवं ते तिनेच सांगितलं. जमिनीपासून दोन हात उंच, बांबूचं, जाळी मारलेलं, आणि दाराला कडी, कारण मुंगूस दोरी कुरतडतो. आणि हलकं. का हलकं? दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परतते. टेम्पोत भांडी, अंथरूण, मुलं आणि कोंबड्याही चढतात. भट्टीवरची खोपटी वाडीतल्या घराहून लहान. खुराडं सोबत जायलाच हवं. हे आमच्या कुठल्याही बैठकीत कोणाला सुचलं नव्हतं.

आता आम्ही आधी खुराडं देतो, मग पिल्लं. खालची घाण रोज झाडून खड्ड्यात टाकायची, कुजली की परसातल्या वेलांना घालायची. कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे. रांगत्या मुलासाठी धुतलेली गोधडी वेगळी. अंडं पूर्ण उकडूनच द्यायचं. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पिल्लू सात दिवसांचं झालं की डोळ्यात थेंब टाकून देतो. लस बर्फात न्यावी लागते आणि कालवल्यावर लवकर संपवावी लागते, म्हणून सगळ्या वाडीची पिल्लं एकाच सकाळी गोळा करतो. त्या दिवशीचा गोंधळ पाहायला जरूर या.

जात कोणती, असंही विचारतात. गिरिराज, वनराज अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत, पिल्लं पुन्हा विकत घ्यावी लागतात. गावठी कोंबडी कमी घालते, पण स्वतःच उबवते. वाडीने गावठीच मागितली.

पनवेलच्या बाजारात गावठी अंड्याला चांगला भाव येतो, म्हणून आया अंडी विकतात. त्यांना मी बोल लावत नाही, मीठमिरचीही त्यातूनच येते. एवढंच म्हणते, पहिलं अंडं लेकराचं, मग बाजाराचं. ती ताई आता तसंच करते. तिचं लेकरू चालायला लागलंय. खुराड्याची कडी उघडण्याचा त्याचा उद्योग चालू असतो आणि आई ओरडत असते. आमच्या घरीही हेच चालतं.

बंधुभगिनींनो, आपण दान दिलं की आपल्याला पिल्लू दिसतं, कारण ते फोटोत गोड दिसतं. खुराडं कोणाला गोड दिसत नाही. तरी आज लिलावात त्या कोंबडीवर बोली लावाल तेव्हा तिच्या जोडीला एका खुराड्याचाही खर्च उचला, ही विनंती. यंदा दिवाळीनंतर टेम्पो निघतील, त्याआधी आणखी घरांपर्यंत पोचायचं आहे. आणि वाडीवर याल तेव्हा सांगण्याआधी विचारा. मला ते शिकायला दोन वर्षं आणि दवाखान्यातली एक रात्र लागली.

पंखांखाली घेणारा देव त्या लेकरांना आणि आपल्या लेकरांना सांभाळो. आमेन.