गॅस संपला, असे म्हणण्यापूर्वी

श्रोतेहो, दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखातली गोष्ट. आमच्या वऱ्हाडातल्या एका खेड्यातले सेवानिवृत्त गुरुजी भर उन्हात माझ्या घरी आले. ओसरीवर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "भाऊ, आईची खोली काही केल्या थंड होत नाही. म्हातारीचे वय ८७. डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितले, म्हणून एसी घेतला. तीन वर्षे झाली, दर उन्हाळ्यात गॅस संपतो. दर वेळी अडीच-तीन हजार मोजतो, आणि पुढच्या साली पुन्हा तेच. यापेक्षा माठ आणि वाळ्याचा पडदा काय वाईट होता?"

गुरुजींच्या त्या एसीकडे मी शेवटी येतो. आधी 'गॅस संपला' या दोन शब्दांविषयी बोलू, कारण आता खेड्यापाड्यांतूनही एसी आले आहेत आणि या दोन शब्दांपायी कितीतरी घरांचा पैसा फुकट जातो आहे.

माठ सर्वांच्या ओळखीचा. त्याच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. शाळेत याला बाष्पीभवन म्हणून शिकवतात. एसीतही हेच घडते. फरक इतकाच की, माठातली वाफ हवेत निघून जाते म्हणून माठ पुन्हा भरावा लागतो. एसीतला गॅस बंद नळीत असतो. खोलीतल्या पेटीत तो पातळ स्थितीतून वाफ होतो आणि खोलीची उष्णता उचलतो. बाहेरच्या पेटीत कॉम्प्रेसर त्याला दाबतो. तेथे तो पुन्हा पातळ होतो, उचललेली उष्णता बाहेर टाकतो आणि परत आत येतो.

ज्यांनी विहिरीवरचे रहाटगाडगे पाहिले आहे, त्यांना हे एका क्षणात कळेल. गाडगी खाली जातात, पाणी भरून वर येतात, रिती होऊन पुन्हा खाली जातात. एसीत गॅस म्हणजे ती गाडगी आणि उष्णता म्हणजे ते पाणी. आता मला सांगा, रहाट चालवला म्हणून गाडगी संपतात काय? गाडगे फुटेल, पण संपणार नाही. तसाच गॅस संपत नसतो, तो गळतो. आणि गळत असेल, तर गळती न बुजवता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

पण पुष्कळदा गळतीही नसते. थंड वारा येत नाही याचे नेहमीचे कारण इतके क्षुल्लक असते की, सांगितले तर लोकांना राग येतो. ते कारण म्हणजे जाळी. आतल्या पेटीचे झाकण वर उचलले की बारीक छिद्रांची एक जाळी दिसते. खोलीतली हवा तिच्यातून गाळून आत जाते. एका शाळेतल्या संगणकाच्या खोलीत मी गेलो होतो. तिथला एसी नुसता घरघरत होता आणि पेटीच्या तोंडातून पाणी ठिबकत होते. जाळी काढली, तर तिच्यावर खडूच्या भुकटीचा आणि धुळीचा असा थर बसला होता की, घोंगडीच म्हणा ना! हवा जाणार कुठून? वारा कमी झाला म्हणजे आतली नळी फाजील थंड होते, हवेतली ओल तिच्यावर गोठते, बर्फ धरतो, बर्फामुळे वारा आणखी अडतो. मग पाहणारा म्हणतो, बर्फ धरला, म्हणजे गॅसच गेला. गॅस कमी झाल्यानेही बर्फ धरतो, हे खरे. पण आधी जाळी पाहावी.

जाळी काढण्यापूर्वी एसी बंद करून त्याचे बटन भिंतीवरून बंद करावे. जाळी साध्या पाण्याने धुवावी, गरम पाणी वापरू नये, ब्रशने खरवडू नये आणि सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवावी. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा हे केले की पुरे. हे काम घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगाही मोठ्यांच्या देखत करू शकतो. बर्फ धरला असेल, तर थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा आणि तास-दोन तास वाट पाहावी. पेचकसाने बर्फ खरवडू नका. नळीला भोक पडले, तर मात्र खरोखरीच गॅस जाईल!

शिक्षक मंडळींसाठी एक प्रयोग सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक घ्या. ताप पाहण्याचा घरचा तापमापक येथे चालत नाही. एसी थंडाव्यावर, अगदी कमी तापमानावर लावा आणि पंधरा-वीस मिनिटे चालू द्या. मग पेटीत हवा जेथून शिरते तेथील तापमान पहा आणि जेथून वारा बाहेर पडतो तेथील पहा. दोहोंत ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर यंत्र बहुधा ठीक आहे. फरक चार-पाच अंशांवर आला असेल आणि जाळी स्वच्छ असेल, तर दोष बाहेरच्या पेटीत किंवा गॅसमध्ये शोधावा. फरक चांगला पण वारा मंद, असे असेल, तर पुन्हा जाळीच. कोकणातल्या दमट हवेत हा फरक थोडा कमी येतो, कारण यंत्राची बरीच शक्ती हवेतली ओल काढण्यात जाते.

वारा गार आहे, फरकही चांगला आहे, तरी खोली तापलेलीच, असेही होते. तेव्हा यंत्राची चूक नसते. एक टन म्हणजे काय, तर सुमारे ९०० किलो बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी खोलीतून काढण्याची शक्ती. वर पत्रे, पश्चिमेला उघडी भिंत, आणि दार सारखे उघडझाप. चंद्रपूर-नागपूरकडे तर पारा ४५ च्या वर चढतो. अशा वेळी एक टनाने बिचाऱ्याने काय करावे? पत्र्यावर पांढरा चुना द्या, खिडकीला जाड पडदा लावा.

आता बाहेरच्या पेटीकडे या. तिच्या पाठीला पातळ पत्र्याच्या शेकडो पट्ट्या असतात. तेथून उष्णता बाहेर पडते. आमच्याकडे कापसाच्या हंगामात त्यांत तंतू अडकतात, वर धूळ बसते आणि सगळे लिंपल्यासारखे होते. कुंभारीण माशी मातीची घरे करते, कोणी त्या पेटीवर गोधड्या वाळत घालतो, कोणी समोर कडब्याच्या पेंढ्या रचतो. मग उष्णता बाहेर जाणार कशी? मुख्य कळ बंद करून पाण्याच्या हलक्या धारेने या पट्ट्या धुवाव्यात. धार जोराची नको, पट्ट्या वाकतात. विजेच्या तारा जोडलेल्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका.

घरात पाणी ठिबकते, ही तक्रार त्या मानाने सोपी. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअराने १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हे यंत्र योजले, ते माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर दमट हवेने कागद बिघडत होता म्हणून. हवेतली ओल काढणे हे एसीचे मूळचेच काम. ते पाणी ज्या नळीने बाहेर जाते, तिच्यात शेवाळ किंवा मुंग्यांची माती अडकली की पाणी घरात येते. नळी मोकळी करा, तिचा उतार बाहेरच्या बाजूला आहे की नाही, ते पहा.

विजेच्या बाबतीत मात्र जरा सविस्तर बोलले पाहिजे. खेड्यातली वीज म्हणजे २३० व्होल्ट हे पुस्तकातले. संध्याकाळी घरोघर दिवे-पंखे लागले की दाब १७०-१८० पर्यंत उतरतो. कॉम्प्रेसर सुरू होताना त्याला जास्त जोर लागतो. दाब कमी असला, की तो नुसता घुमतो, तापतो आणि संरक्षक कळ त्याला बंद करते. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार. दिवे मंद होत असतील आणि एसी अडखळत असेल, तर दोष एसीचा नाही. योग्य स्टॅबिलायझर बसवावा. वीज जाऊन आली, तर तीन मिनिटे थांबून मग एसी लावावा. नळीतला दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला इतका वेळ लागतो. इन्व्हर्टर एसी म्हटले की काहींना वाटते, वीज गेल्यावरही तो चालेल. तसे नाही. त्यात कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त होतो, एवढाच अर्थ. त्यातले इलेक्ट्रॉनिक पाटे नाजूक असते, म्हणून वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा. अशा एसीवर कधी अक्षर आणि आकडा झळकतो. तो कागदावर टिपून मिस्त्रीला फोनवर सांगा, त्याची एक खेप वाचेल.

आता हात कोठे लावू नये, ते सांगतो. हे नीट ऐका. बाहेरची पेटी घूं करते पण पंखा फिरत नाही, असे दिसले की बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. भाग स्वस्तातला आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युत्भार साठून राहतो आणि जबर झटका बसतो. ती पेटी घरी उघडू नका. काठीने पंखा ढकलून पाहणारे शूर लोकही मी पाहिले आहेत. तुम्ही त्यांत सामील होऊ नका. पेटीला हात लागताच मुंग्या आल्या, प्लग काळा पडला, जळका वास आला, तर लगेच मुख्य कळ पाडा आणि वायरमनला बोलवा. दीड टनाचा साधा एसी सात-आठ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि खरे अर्थिंग हवे. मोबाइल ज्या पट्टीवर लावता, तिच्यावर एसी लावणे म्हणजे घराला आग लावण्यासारखेच आहे.

आणि खरोखर गॅस गळत असेल तर? तेथे मिस्त्रीच हवा. पण समोर उभे राहून त्याला चार प्रश्न विचारायला लाजू नका. गळती कोठे आहे, ती दाखवा. साबणाचे पाणी लावून बुडबुडे दाखवा. गळती बुजवल्यावर पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून घेणार ना? आणि गॅस वजन करून भरणार ना? किती ग्रॅम भरावा, हे पेटीवरच्या पट्टीवर छापलेले असते. आजच्या बऱ्याच एसींत आर-३२ हा गॅस असतो, तो थोडाफार पेट घेणारा आहे. काहींत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा. म्हणून काडी ओढून गळती पाहण्याचा उद्योग कोणी करू नये, आणि त्या वेळी जवळ बिडीही नको.

गुरुजींच्या घरी मी गेलो, तेव्हा जाळी लख्ख होती. मास्तरांचे घर! बाहेरची पेटीही स्वच्छ होती. तांब्याची नळी पेटीला जेथे जोडतात, त्या नटावर मात्र तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते. गॅस झिरपला की तेही झिरपते. तीन वर्षे तीन माणसे आली आणि गॅस भरून गेली, त्या डागाकडे कोणी पाहिले नाही. मी साबणाचे पाणी लावले, बुडबुडे आले. तालुक्याहून एक हुशार पोरगा बोलावला. त्याने नळीचे तोंड कापून नव्याने पसरवले, नट आवळला, बुडबुडे थांबल्याचे गुरुजींना दाखवले, मग पंप लावून गॅस वजन करून भरला.

त्याला दोन उन्हाळे झाले. परवा गुरुजी बाजारात भेटले, तेव्हा मीच विचारले, पुन्हा गॅस भरला काय? म्हणाले, "नाही हो. आता आईची तक्रार वेगळीच आहे. २४ वर लावला की तिला गार वाजते, गोधडी मागते. म्हणून २७ वर ठेवतो."