एका संकरित सोबत्याची ओळख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'पाळीव कुत्रा' हा विषय वाचून आपल्यापैकी काहींना मुद्रणदोषाची शंका आली असेल. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि मराठ्यांच्या दक्षिणदिग्विजयावर विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. त्यांच्यामागून मी कुत्र्याविषयी बोलावे, हे धाडसच म्हटले पाहिजे. मी काही पशुवैद्य नव्हे. साधा बी.ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत हिशेब तपासण्यात तीस वर्षे घालवलेला मनुष्य. तथापि गेल्या चार-पाच वर्षांत एका लहानशा प्राण्याने आमच्या घरात जे घडवून आणले, ते आपणापुढे मांडावे असे मनापासून वाटले, म्हणून हा प्रपंच.

कुत्रा आपल्याला परका नाही. दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्री असतात आणि त्यांना आपण चार वेद मानतो. खंडोबाच्या मागे कुत्रा आहे. धर्मराजाने ज्याच्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले, तोही कुत्राच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्याची समाधी दाखवतात. ज्या कर्नाटकात आपण राहतो, तेथील मुधोळची कुत्री तर घोरपडे राजांच्या आश्रयाने नावारूपास आली आणि २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर झळकली.

परंतु ही सारी राखणीची नाहीतर शिकारीची कुत्री. केवळ सोबतीसाठी, मांडीवर घेण्यासाठी कुत्रा पाळणे ही कल्पना आपल्या मध्यमवर्गीय घरांत अलीकडची. तरी एक लहान कुत्रा आपल्या आजोबांच्या पिढीपासून आपल्या दिवाणखान्यात बसलेला आहे, याचे आपल्याला विस्मरण होते. नाट्यसंगीताची जुनी तबकडी काढून पाहा. कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा म्हणजे निपर. १८८४ च्या सुमारास इंग्लंडातील ब्रिस्टल येथे जन्मलेला, टेरियर वर्गातला, पण शुद्ध वंशाचा नसलेला. त्याचा पहिला धनी वारल्यावर धन्याच्या भावाने, चित्रकार फ्रान्सिस बरो यांनी, त्याला सांभाळले. १८९५ मध्ये निपर गेला आणि त्यानंतर बरोंनी काढलेले त्याचे चित्र १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने विकत घेतले. वंशावळ नसलेला हा प्राणी जगातील सर्वांत ओळखीचा कुत्रा ठरला, यात मला मोठा अर्थ दिसतो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आमच्या घरी जो आहे, त्याच्या प्रकाराला 'माल्टीपू' म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकल्यावर आमच्या मातोश्रींनी "मालती कोण?" असे विचारले होते. माल्टीज आणि लहान चणीचा पूडल या दोन जातींच्या संकरातून तो होतो. माल्टीज हा भूमध्य सागराकडचा, रेशमासारख्या पांढऱ्या केसांचा, प्राचीन काळापासून मांडीवर वाढलेला कुत्रा. पूडल मूळचा पाण्यात पडलेली शिकार आणून देणारा, दाट कुरळ्या केसांचा आणि अतिशय बुद्धिमान. या दोहोंचे अपत्य साधारणपणे तीन ते सात किलो वजनाचे, वीतभराहून थोडे अधिक उंच, आणि नीट निगा राखल्यास बारा ते पंधरा वर्षे जगणारे असते. त्याचे केस फारसे गळत नाहीत. मात्र 'याच्यामुळे ॲलर्जी होत नाही' असे जे विक्रेते सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. त्रास देणारा घटक कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यातही असतो, आणि तो केवळ केस न गळण्याने नाहीसा होत नाही.

'संकर' हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. माझ्या पिढीला 'हायब्रीड' म्हटले की ज्वारी आठवते. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित वाण आले आणि महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचले. उत्पन्न वाढले. भाकरीला चव नाही ही तक्रारही घरोघर झाली. त्या ज्वारीचा एक नियम शेतकरी अनुभवाने शिकला. बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, घरचे दाणे पेरले तर पीक सारखे येत नाही. कुत्र्यांचेही तसेच आहे. दोन भिन्न जातींच्या पहिल्या पिढीत काही जोम दिसू शकतो. परंतु माल्टीपूची जोडी लावली तर एकाच वेतातले एक पिल्लू पूडलसारखे, दुसरे माल्टीजसारखे आणि तिसरे कोणासारखेच नाही, असे होते. म्हणून मोठ्या श्वानसंस्था याला 'जात' मानत नाहीत. आणि संकर झाला म्हणजे रोग टळले, असेही नाही. लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकणे, दात लवकर किडणे, डोळ्यांचे विकार, हे आईबापांकडून येतातच.

या संकराच्या बाजाराची गोष्ट बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियात वॉली कॉन्रन नावाचे गृहस्थ अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत होते. हवाई बेटावरील एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण त्यांच्या पतीला कुत्र्याच्या केसांचा त्रास. म्हणून १९८९ च्या सुमारास कॉन्रन यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लांपैकी एकाचेच केस त्या पतीला सोसले. उरलेल्या दोघांना घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा 'संकरित' न म्हणता 'लॅब्रॅडूडल' असे नवे नाव त्यांनी जाहीर केले, आणि मागणीचा लोंढा आला! नावाची ही जादू पाहून पैशासाठी वाटेल तशी पैदास करणारे जगभर निपजले. पुढे कॉन्रन यांनी आपल्या या कृत्याचा जाहीर पश्चात्ताप केला. एक गरज भागवण्यासाठी केलेली गोष्ट हौसेच्या बाजारात गेली, की तिचे काय होते, हे त्यावरून कळावे.

आमचाही या बाजाराशी संबंध आला, तो असा. माझे वडील खानापूर तालुक्यातून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी या शहरात आले. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या आणि पुढे शतकभराने शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या पेठेत, चिकपेटच्या एका बोळात त्यांनी घर केले. खाली भट्टी आणि वर बिऱ्हाड. २०१९ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी कोरोनाने दारे बंद केली. मी कचेरीच्या कामात, सौभाग्यवती शाळेच्या, मुलगी आपल्या खोलीत. ऐंशीला टेकलेली आई दिवसभर खिडकीशी बसून राही. तिला कानडी बाजारापुरते येते. नातीचे मराठी दोन वाक्यांत संपते आणि मग इंग्रजी सुरू होते. आई हळूहळू बोलेनाशी झाली. जेवण कमी झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की रोग काही नाही, घरात बोलाचाली वाढवा.

२०२१ मध्ये मुलीने हट्टाने एक पिल्लू आणवले. विक्रेत्याचे नाव मी घेत नाही. हिशेबतपासनीस असूनही मी पावती मागितली नाही, हा दोष माझा. वस्तुतः २०१७ पासून या देशात श्वानप्रजनन व विक्रीचे नियम आहेत. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. आमचे पिल्लू, पशुवैद्यांनी दात पाहून सांगितले, जेमतेम पाच आठवड्यांचे होते. चौथ्या दिवशी त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो! सहा दिवस सलाइनवर होते. मी मनातून आशा सोडली होती. ज्या आईने पहिल्या दिवशी "देवघराकडं येता कामा नये" असे बजावले होते, ती सहाव्या रात्री त्याला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून चमच्याने पाणी पाजत बसली होती. पिल्लू वाचले. मुलीने त्याचे नाव 'कुकी' ठेवले होते. आईने त्याच रात्री 'मोत्या' ठेवले. तो आजही दोन्ही नावांना ओ देतो, पण जेवायला मात्र 'मोत्या' म्हटल्यावरच येतो.

ज्यांच्या मनात असा सोबती आणण्याचा विचार असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे दोन शब्द सांगतो. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. लसी वेळेवर टोचाव्या. रेबीजची तर चुकवूच नये, कारण तो रोग जडला की उपाय नाही. या कुत्र्याचे केस रोज विंचरावे लागतात. चार दिवस आळस केला की अंबाड्यात गुंता व्हावा तसे गठ्ठे होतात आणि खाली कातडी सडते. दीड-दोन महिन्यांनी केस कापणे आले, त्याचा खर्च माझ्या स्वतःच्या केशकर्तनाच्या कितीतरी पट. फिरणे फार लागत नाही. पहाटे हातगाड्या आणि कापडाचे गठ्ठे रस्त्यावर येण्यापूर्वी अर्धा तास पेठेत हिंडलो की पुरते. मात्र त्याला एकटेपणा सोसत नाही. ज्या घराला दिवसभर कुलूप असते, त्या घरी हा प्राणी आणणे म्हणजे त्याला शिक्षा करणे होय.

आणि आपल्या स्वयंपाकघराविषयी सावध राहावे. कांदा, लसूण, चॉकलेट ही त्याला विषे आहेत. मला ठाऊक नव्हते ते बेदाण्यांचे. आईचे माहेर तासगावकडचे. दरवर्षी भाऊबंदांकडून बेदाण्यांची पिशवी येते. श्रावणात सत्यनारायण झाला आणि आईने मायेने मोत्याला प्रसादाचा शिरा घातला, बेदाण्यांसकट. नातीने पाहिले आणि ती ओरडलीच. तासाभरात आम्ही पशुवैद्यांकडे होतो. त्यांनी उलटी करवली, सलाइन लावले, दोन दिवस रक्त तपासले. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे धोका नाही याचा भरवसा देता येत नाही, असे ते म्हणाले. आई दोन दिवस जेवली नाही. "देवाचा प्रसाद आणि त्यानं जीव जायचा होता," एवढेच पुटपुटत होती. मोत्या बरा झाला. तेव्हापासून आमच्या घरी शिऱ्यात बेदाणे पडत नाहीत.

बंधुभगिनींनो, एव्हाना आपल्या लक्षात आले असेल की मी केवळ कुत्र्याविषयी बोलत नाही. आई आज दिवसभर बोलते. सकाळी भाजी निवडताना मोत्याला ती माहेरच्या विहिरीची, गलाईच्या भट्टीची, वडिलांच्या रागाची हकिगत सांगते. तो मान तिरकी करून ऐकतो, थेट त्या तबकडीवरल्या निपरसारखा. 'बस', 'नको', 'इकडं ये', 'गप पड', 'चल माडीवर' हे सारे त्याला कळते. कानडीत वा इंग्रजीत सांगितले तर ढिम्म हलत नाही. एकदा आई हसून म्हणाली, "या घरात मराठी समजणारा हा एकटाच." सगळे हसले. मी मात्र हसू शकलो नाही. त्या दिवसापासून रात्रीच्या जेवणाला घरात फक्त मराठी बोलायचे, असा नियम केला आहे. मुलगी पहिल्यांदा कुरकुरली. आता आजीच्या गोष्टी ऐकायला तीही मोत्याशेजारी बसते.

गेल्या वर्षी आईने मला एकटे गाठून विचारले, "माझ्यामागं याचं कोण बघणार रे? तू तर रिटायर झालास की सांगलीला जाणार." हिशेब सरळ होता. आई पंच्याऐंशीच्या घरात आणि मोत्याचे अजून दहा वर्षांचे आयुष्य. मी सांगलीला सदनिका पाहून ठेवली होती. तेथील गृहस्थांनी कुत्रा चालणार नाही असे आधीच सुचवले होते. कोणाला तरी देऊन टाकू, असे शब्द ओठांवर आले आणि तेथेच थांबले. त्याला येथे दुसऱ्या घरी दिले तर एक शब्दही न कळणाऱ्या माणसांत तो जाईल. आमचे वडील या शहरात उतरले, तेव्हा त्यांना कानडीचा एक शब्द येत नव्हता. त्यांना ज्यांनी घरात घेतले, ते याच पेठेतले लोक होते. मी आईला वचन दिले, "मोत्या माझ्याजवळच राहील. जिथं तो, तिथं मी." सांगलीचा विचार मी सोडून दिला आहे. आईने काहीच म्हटले नाही. मोत्याच्या पाठीवरून हात मात्र बराच वेळ फिरत राहिला.

शुद्ध जात, शुद्ध वंश, शुद्ध भाषा यांचा अभिमान आपण पुष्कळ बाळगतो. परंतु पेठेत वाढलेले आम्ही स्वतः कोण आहोत? भाकरीबरोबर सारू जेवणारे, मराठीत भांडून कानडीत समेट करणारे, दसऱ्याला इथला आणि गुढीपाडव्याला तिथला सण मानणारे. आमचीही कोठल्याच पुस्तकात नोंद नाही. तरी सोबत करण्याचा गुण अंगी असला तर नोंदीवाचून काही अडत नाही, हे मला मोत्याने शिकवले. आणि ज्यांना माल्टीपू परवडत नसेल वा पटत नसेल, त्यांनी आपल्या बोळातल्या देशी पिल्लाकडे एकदा पाहावे. तोही संकरितच आहे, आणि त्याला कोणी विकत घेत नाही एवढाच त्याचा दोष.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे केले ते तरी दुसरे काय? परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाला आपल्या भाषेत बोलायला कोणीतरी दिले. ज्या घरांतल्या वृद्धांना येथवर येणे जमत नाही, त्या घरांकडे महिन्यातून एकदा आपणच जावे, असा ठराव या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.